अळणी हात

माझ्या मावशीने एकतीस वर्षं दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पेशंटांसाठी रांधलं. डॉक्टर सांगतील तसं, बिनतेलाचं, जवळजवळ बिनमिठाचं. तिच्या हातचं खाऊन कुणी बोटं चाटली नाहीत. नाकं मात्र रोज मुरडली. निवृत्त झाल्यावर ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते, सुट्टी काय ती रविवारची. मी विचारलं, "बाग दाखवू, की मोठी दुकानं?"

"बागा आमच्याकडेही आहेत. मला गाडीवरचं खायचंय. उभ्याउभ्या."

"तू? जगाला पाणी उकळून प्यायला सांगणारी?"

"म्हणूनच गं."

रविवारी चार वाजता आम्ही बसस्टँडमागच्या गल्लीत शिरलो. मावशीने भाजलेल्या कणसाचा एक दाणा सोडला नाही. तिखट लावलेल्या अननसाने डोळ्यांना धारा लागल्या, तरी बाईंनी दुसरी फोड उचललीच.

पुढे एक आडदांड माणूस बटाट्याचे काप तळत होता. सगळे त्याला पैलवान म्हणत. मावशी त्याच्या बटाटे कापायच्या फळीकडे बघतच राहिली.

"काप जाडेबारीक होतायत हो," ती म्हणाली. "बारीक करपणार, जाडे कच्चे राहणार."

मी तिची बाही ओढली. पैलवान हसून म्हणाला, "मग या, कापा तुम्हीच!"

त्याने थट्टा केली होती. मावशी बाह्या सरसावून खरंच गाडीमागे गेली. सुरी अशी चालली, की पैलवानाचा झारा हातातच राहिला. सगळे काप एकसारखे पडत होते. तळून निघाले तेही एका रंगाचे.

"मीठही आता तुमच्याच हातचं," पैलवान खूश होऊन म्हणाला.

मावशीने चिमूट घेतली, जपून भुरभुरवली. पहिला पुडा एका बसड्रायव्हरने घेतला. दोन काप चावले आणि थांबला. "पैलवान, मीठ संपलं का रे?"

इतकी वर्षं बिचारीने हेच ऐकलं होतं. मावशीने पुड्यातला एक काप उचलून तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि खो खो हसत सुटली. "अळणी आहे हो! अगदी अळणी आहे!"

"आजी, चिमटीने नाही," पैलवान म्हणाला. "मूठ भरा, हात वर न्या, द्या सोडून. इथे कुणी आजारी नाही."

तिने मूठ भरली. अर्धं मीठ माझ्या चपलांवर पडलं, पण उरलेलं बरोबर जागी गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "हां, आता कसं!" आणि आणखी एक पुडा मागितला.

बटाट्यांचं पोतं संपेपर्यंत मावशी तिथून हलली नाही. मी बाजूच्या उलट्या क्रेटवर बसून खात होते. तिचं नाक घामाने चमकत होतं आणि ती गिऱ्हाइकांना दटावत होती, "गरम आहे, फुंकून खा."

घरी आलो तर आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने भात-भाजी करून ठेवलेली. आमची पोटं तर तट्ट फुगलेली. मी काही बोलणार, तेवढ्यात मावशी हात धुऊन ताटावर बसली.

"जावईबापू, छान झालीय भाजी," ती पहिल्याच घासाला म्हणाली.

हे कानांपर्यंत लाल झाले आणि तिला आणखी वाढायला धावले.