रुळावरचा हात

विनिताने ते टेबल स्वतः उभं केलं होतं. कुंभिवलीत, हायवेपासून आत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आयटीआयला ती टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारी, झाली होती आणि लग्नानंतर खोपोलीच्या एका कारखान्यात पाच वर्षं मशीनवर कामाला होती. मग सासऱ्यांना, भिवाजींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. नवरा संतोष कंपनीची बस चालवायचा. पहाटे गेला की संध्याकाळी साडेसहाला परत. घरात तिसरं माणूस नव्हतं. नोकरी विनितानेच सोडली. सोडू का, असं तिला कुणी विचारलंही नाही.

चार वर्षं झाली त्याला. त्यातलं दीड वर्ष टेबल बनवण्यात गेलं. खाली पाण्याचा ट्रे, वर लोखंडी पट्ट्यांची जाळी, जाळीवर कापायचा पत्रा. दोन्ही कडांना स्टीलचे रूळ आणि त्यांवर चाकांनी सरकणारी आडवी कमान. कमानीला प्लाझ्माचा टॉर्च. कॉम्प्युटरवर नक्षी काढली की टॉर्च ती पत्र्यातून कापून काढायचा. गेटच्या जाळ्या, घरांच्या पाट्या, फळ्यांचे ब्रॅकेट. चौक गावापासून खोपोलीपर्यंतचे वेल्डर तिच्याकडे यायला लागले होते.

तिला रडवत होते ते रूळ. खालच्या ट्रेमधल्या पाण्याची वाफ आणि पावसाळ्याची दमट हवा. सकाळी शेड उघडावी तर रुळांवर गंजाची तांबूस साय. ग्रीस लावून पाहिलं, तर कापताना उडणारी काळी भुकटी त्यात मिसळून चाकंच खायला लागली. रंग दिला तो आठ दिवसांत चाकांखाली सोलून निघाला. शेवटी तिने रोजचाच नेम केला. काम झालं की पातळ तेलाचा बोळा फिरवायचा, मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. एक दिवस चुकवला तरी दुसऱ्या दिवशी कमान अडखळायची. माहेरी नेरळला मुक्कामाला जाणंही त्यामुळे राहून जायचं. सासऱ्यांना सोडता येत नव्हतं आणि रुळांनाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी ती असेच रूळ पुसत होती. वेळ वाचवायला तिने एक वाईट सवय लावून घेतली होती. कमानीला कॉम्प्युटरवरून परत जागेवर जायला सांगायचं आणि ती हळूहळू सरकत असताना तिच्यापुढचा रूळ पुसत जायचं. टोकाला एक छोटा स्विच होता. कमान त्याला टेकली की मोटर आपोआप थांबायची. त्या दिवशी रुळावर वितळलेल्या लोखंडाचे मणी चिकटले होते, म्हणून तिने हातमोजा घातला होता. टोकाजवळच्या मण्याला ती बोळ्याने घासत होती. चाकाने मोज्याचं बोट धरलं आणि आत ओढलं. तिने हात मागे घेईपर्यंत कमानीचा पाय आणि टोकाची जाड पट्टी यांच्यामध्ये तिचा उजवा तळहात सापडला होता.

हाडाचा आवाज तिला ऐकू आला. दुखायला नंतर लागलं.

मोटर थांबेना. थांबणार कशी? हात मध्ये होता, त्यामुळे कमान स्विचपर्यंत पोचतच नव्हती. ती गुरगुरत, थरथरत रेटतच राहिली. विनिताने कमरेने कमान मागे ढकलून पाहिली. तसूभर हलली नाही. मोज्यातून हात काढायला गेली तर डोळ्यांसमोर अंधारी आली. बंद करायचं लाल बटण टेबलाच्या पलीकडे कॉम्प्युटरच्या स्टँडवर होतं, दहा फुटांवर. मोबाइलही तिथेच. तिने डाव्या हाताने एक चप्पल काढून बटणावर नेम धरला. चप्पल पाण्याच्या ट्रेमध्ये पडली. दुसरी स्टँडला लागून खाली पडली.

"मामा!" ती ओरडली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामा, अवो मामा!"

टॉर्चला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर धडधडत होता. हायवेवर ट्रेलरमागून ट्रेलर जात होते. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू येत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. संतोष यायला पाच तासांच्या वर वेळ होता. तिने ओरडणं थांबवलं आणि कपाळ कमानीच्या थंड लोखंडाला टेकवलं. मोटरची थरथर कपाळातून दातांत उतरत होती.

भिवाजींचं जेवण एक वाजता असायचं. चार वर्षांत ते कधी पाच मिनिटंही चुकलं नव्हतं. ताट आलं नाही म्हणून ते पडवीतल्या खुर्चीवरून उठले. वॉकर घेऊन अंगणात उतरले तर त्याचे पाय चिखलात रुतले. मग वॉकर तिथेच सोडून, भिंतीला डावा खांदा लावून, उजवा पाय ओढत ते निघाले. चाळीस पावलांना किती वेळ लागला ते दोघांनाही माहीत नाही. विनिताने मान वळवली तेव्हा ते शेडच्या दाराची चौकट धरून उभे होते. चिखलाने माखलेले, धापा टाकत.

"लाल बटण, मामा! तिकडं, कॉम्प्युटरजवळ!"

त्यांनी तिकडे पाहिलं. मध्ये जमिनीवर कापलेले पत्रे आणि हवेचे पाइप पसरले होते. तिथून त्यांना जाता आलं नसतं, हे त्यांना तिच्याआधी कळलं. दाराशी जड पत्रे सरकवायची पहार उभी होती. भिवाजी तीस वर्षं कर्जत ते पळसदरी रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते, पहारेने रूळ सरकवणारे. त्यांनी पहार डाव्या हातात घेतली आणि टेबलाच्या कडेला टेकत टेकत तिच्यापाशी आले.

"हात हलवू नको," ते म्हणाले. शब्द जड होते, पण सगळे कळले. "मी सांगीन तवाच वढ."

त्यांनी पहारेचं टोक रुळाच्या टोकाशी, कमानीच्या पायाखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकलं. लोखंड करकरलं. कमान बोटभर मागे सरकली.

"वढ!"

तिने हात ओढला. मोजा आतच राहिला. पहार निसटली, भिवाजी कडेला कोसळले. आणि कमान, वाटेत काही नव्हतंच अशी, शांतपणे पुढे गेली, स्विचला टेकली आणि थांबली.

विनिताने आधी सगळं बंद केलं. मग जितेशला फोन लावला. नाक्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, पण तो लोधिवलीला गेट बसवायला गेला होता. टेंपो घेऊन अर्ध्या तासात येतो म्हणाला. एका हाताने तिला सासऱ्यांना उठवता येईना. शेवटी तीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली, सुजत चाललेला हात छातीशी धरून.

"लागलं का, मामा?"

"नाय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "भ्यालीस ना?"

"हो."

"हलता येत नाय, वरडलं तरी कोन येत नाय." ते थांबून थांबून बोलत होते. "मी चार वर्सं तसाच हाय गं. आन माज्यामुळं तू. मला काय कळत नाय व्हय?"

तसं काही नाही, असं म्हणायला हवं होतं. तिला ते म्हणता आलं नाही. तिला रडू फुटलं. हाताचं होतं, दुसरंही होतं. भिवाजी डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत राहिले, बाहेर टेंपोचा हॉर्न वाजेपर्यंत.

विनिताच्या तळहाताची दोन हाडं मोडली होती. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

रात्री जेवताना संतोष म्हणाला, "ते मशीन काढून टाकू. नको ती कटकट."

विनिता काही बोलायच्या आत भिवाजी म्हणाले, "मशीन राहू दे. मला त्या व्यायामाच्या बाईकडं न्या. खोपोलीला."

फिजिओथेरपीला चला म्हणून संतोषने चार वर्षं विनवण्या केल्या होत्या आणि म्हातारा नाहीच म्हणत आला होता.

प्लास्टर असतानाच विनिताने जितेशकडून रुळांवर छपरासारखे वाकवलेले पत्रे बसवून घेतले, म्हणजे ठिणग्या आणि भुकटी वरच अडतील. चाकांच्या पुढे जुन्या घोंगडीच्या पट्ट्या तेलात भिजवून लावल्या. कमान चालताना रूळ आपोआप पुसला जायचा. पहारेने रुळाला पडलेली खोच कानशीने घासून बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. टेबलाच्या चारही कोपऱ्यांवर तिने लाल बटणं बसवली. पुन्हा हात घालायची वेळ येऊ नये म्हणून एवढं सगळं, तरी कमान चालू झाली की तिचा हात आधी जवळच्या बटणावर जाई. प्लास्टर निघालं तेव्हा करंगळी पुरती वळत नव्हती.

मंगळवारी आणि शुक्रवारी जितेश भिवाजींना टेंपोत पुढे बसवून खोपोलीला न्यायला लागला. पहिल्या मंगळवारी टेंपो गेल्यावर विनिता अंगणात उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा घरात कुणी नव्हतं. तिने शेडला कुलूप लावलं, साडी नीट केली आणि हायवेला आली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. नाक्यावरच्या टपरीवर उभ्याने चहा घेतला. नेरळला जाऊन टेंपो यायच्या आत परतता येईल का, याचा हिशेब तिने दोनदा केला. दोन्ही वेळा जमत नव्हता.

वीस मिनिटांत ती परत आली आणि पडवीत बसली. टेंपो यायला अजून दीड तास होता.