रिकाम्या पोटी

ऋतूची मूठ उघडली तेव्हा गाडी गोवंडीच्या सिग्नलला उभी होती.

चार वर्षांची पोर आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती. देवनारच्या डम्पिंगचा वास नको म्हणून काचा गच्च लावलेल्या. गंधालीने ओल्या रुमालाने लेकीचं कपाळ पुसलं, कानामागची केस गळून गुळगुळीत झालेली जागा हलकेच पुसली, मग हात घेतला. उजवी मूठ सुटेना. एकेक बोट उलगडावं लागलं. आत साखर होती, अर्धी विरघळलेली, चिकट. गंधालीने तो इवलासा तळवा नाकाशी नेला.

दह्याचा वास.

पुढे स्टिअरिंगवर तिचा नवरा सुयोग होता. त्याच्या शेजारी त्याची आई, रत्नप्रभाबाई, पर्स मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या. त्या आज पहिल्यांदाच बरोबर निघाल्या होत्या. नातीला कुठे नेतात ते एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणाल्या.

"आई," गंधाली म्हणाली, "ऋतूला सकाळी काय दिलंत?"

"काय नाय गो. भायर पडताना वायच दही-साखर ठेवलंय हातार. चांगल्या कामाक जाताना तोंड गोड नको?"

"तिने खाल्लं?"

"चाटल्यान. चमचाभर. पोर रिकाम्या पोटी जाता, माका बघवत नाय."

"रात्रीपासून तिच्या तोंडात काही जाता कामा नये, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

रत्नप्रभाबाईंनी मान वळवली. सुनेचा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. "रोज ठेवतंय की मी. पहिल्या दिवसापासून. काय झालां तिका? काय एक नाय."

रोज.

मागच्या हॉर्नने सिग्नल सुटल्याचं कळलं आणि सुयोगने गाडी पुढे काढली. गंधालीला आता रोजची सकाळ लख्ख दिसली. ती फाइल, बदलायचे कपडे, पाण्याची बाटली गोळा करायची. तेवढ्यात आजी पेंगणाऱ्या नातीला कडेवर घेऊन लिफ्टपर्यंत जायच्या. तेवढ्यात. दाराच्या आणि लिफ्टच्या मधल्या त्या चार पावलांत.

ऋतूच्या मेंदूत गाठ होती. ऑपरेशनने काढता आली तेवढी काढली, उरलीसाठी प्रोटॉनचे किरण. रोज मुखवटा घालून टेबलावर झोपवायचं, आणि चार वर्षांचं पोर तसं निजून राहत नाही म्हणून रोज गुंगीचं औषध. गुंगी द्यायची तर पोट रिकामं हवं. रोज सकाळी नर्स विचारायची, रात्रीपासून काही खाल्लं? आणि गंधाली छातीठोकपणे सांगायची, काही नाही सिस्टर, पाणीसुद्धा नाही. रोज. त्या भरवशावर डॉक्टर पोरीच्या शिरेत औषध सोडायचे. रोज तिची पोर विहिरीच्या काठावरून चालत गेली होती आणि आई काठावर उभी राहून सांगत होती, काही नाही, काही नाही.

"सुयोग, तू मला सांगितलं होतंस की आईंना सगळं समजावलंय."

सुयोगने आरशात पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"परवा बघितलं मी," तो म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे. एवढंसं तर होतं."

"बघितलंस आणि गप्प बसलास?"

"आईला कसं बोलायचं, यार? ती मनाला लावून घेते. आणि हे बघ, आत्ता तिथे काही बोलू नकोस. आजपर्यंत काही झालं नाही ना? उगाच स्लॉट जाईल. मला साडेअकराला दिंडोशीला उभं राहायचंय."

सुयोग वकील होता. दिंडोशीच्या कोर्टात त्याचं तोंड असं चालायचं की समोरच्याचा अशील आपल्या वकिलाकडे संशयाने बघू लागे. घरात शिरला की तेच तोंड चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. पंतनगरच्या त्यांच्या इमारतीत खालच्या सपनाने आपल्या पोरांना ऋतूजवळ फिरकू दिलं नाही. हिच्या अंगातून किरण बाहेर पडतात म्हणे. तेव्हाही सुयोग म्हणाला होता, जाऊ दे. किरण मशीन बंद झालं की संपतात, पोरीला कुशीत घ्या, मुके घ्या, कुणाला काही होत नाही, हे गंधालीने एकटीने जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं होतं. सगळ्यांची दारं लागली होती. आपलं दार सुयोगने लावून घेतलं होतं.

"माझ्या पोरीच्या जिवावर तुझं जाऊ दे," ती म्हणाली. "तू गाडी चालव. काय बोलायचं ते मी बघते."

गाडी खाडीच्या पुलावर चढली. ऋतू झोपेत ओठ चाटत होती.

हॉस्पिटलात नर्सने नेहमीचं विचारलं. सुयोगने डोळ्यांनी खूण केली. गंधालीने ती पाहिली आणि आवाज चढवून, बाकावरच्या दहा माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं, "खाल्लंय. दही. दोन तास झाले. आणि आजच नाही, पहिल्या दिवसापासून रोज खातेय. मला आज कळलं."

नर्सचं पेन थांबलं. ती आत गेली आणि गुंगी देणाऱ्या डॉक्टर मृणालिनी बाहेर आल्या, टोपी काढत.

"कोणी दिलं?"

"मी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माका कोणी काय सांगूक नाय. सुयोगान सांगल्यान, फोटो काढतत आणि शेक देतत म्हणान."

डॉक्टरांनी सुयोगकडे पाहिलं, मग म्हाताऱ्या बाईला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः समोर बसल्या. रागावल्या होत्या, पण आवाज खाली होता.

"आजी, शेक नाही. हा किरण डोक्यात ठरलेल्या खोलीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. पुढे जात नाही. हिचा मेंदू अजून वाढतोय ना, म्हणून हाच निवडला. चांगल्या भागाला कमी इजा. पण तो जिथे थांबायला हवा तिथेच थांबला पाहिजे. डोकं जरा हललं तरी चालत नाही. म्हणून मुखवटा, म्हणून गुंगी. आणि गुंगीत पोटातलं वर आलं तर ते श्वासात जातं. मोठा माणूस खोकतो. गुंगीतलं पोर खोकत नाही."

रत्नप्रभाबाई ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला नाही, रडल्या नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "आत भाजता काय तिका? ओरडता?"

"नाही. काही जाणवतसुद्धा नाही. नंतर कातडी थोडी लाल होते, केस गेले तेवढे गेले, थकवा येतो."

"मी रोज दाराकडे बसान कान देतंय," त्या म्हणाल्या, "घरात. इतक्या लांबसून काय ऐकू येतला? पण देतंय."

गंधालीने ते ऐकलं. त्या क्षणी तिला सासूची दया यायला हवी होती. नाही आली. आला तो अजून राग, आणि तोही वळून पुन्हा सुयोगवरच गेला. एक बाई रोज घरात बसून नातीला जाळताहेत असं समजून कान देत होती, आणि हा, जाऊ दे.

"आजचं काय?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"दही म्हणजे दूधच. दुपार उलटल्याशिवाय मी हात लावणार नाही. तोपर्यंत पाणीही मी सांगेन तेव्हाच. एकच मशीन सगळ्या खोल्यांना किरण पुरवतं, पेशंट ओळीने लागलेत. शेवटी जागा झाली तर घेऊ. नाही झाली तर आजची वेळ बुडाली, ती शेवटी जोडू. एक दिवस मागे गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण असे दिवस साठू द्यायचे नसतात."

डॉक्टर आत गेल्या. सुयोगने घड्याळ पाहिलं.

"मी जाऊन येऊ का? संध्याकाळपर्यंत—"

गंधालीने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. हिसकावली नाही, पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी बोटं सोडवून घेतली.

"तुझ्या ज्युनियरला फोन कर, सुबोधला. तारीख मागून घेईल. तू रोज तारखा मागतोस ना?"

सुयोगने कोपऱ्यात जाऊन फोन केला.

ऋतू जागी झाली ती भूक घेऊनच. आई, भूक. आजी, भूक. बाबा, मला भूक लागली ना. आधी लाडात, मग हट्टात, मग नुसतं रडणं, पावसात भिजलेल्या वासरासारखं हंबरणारं. समोरच्या बाईने डब्यातून चकली पुढे केली.

"बाजूक व्हा," रत्नप्रभाबाई कडाडल्या. "पोरीक काय एक देऊचा नाय. डब्बो बंद करा." त्यांनी ऋतूला छातीशी आवळलं. पोर त्यांच्या गालावर चापट्या मारत होती, दे ना आजी, दे ना. आणि त्या चापट्या खात, डोलत, ओवीच्या चालीवर काहीबाही गुणगुणत होत्या,

"माझ्या गो बाईचा, जीव केवढा केवढा,
सुपात मावलो नाय, चंद्र तेवढा तेवढा…"

चाल लागली की रडणं खाली यायचं, चाल थांबली की वर चढायचं. त्यांनी चाल थांबवली नाही. घसा बसला तरी नाही. गंधालीने एकदाही, द्या माझ्याकडे, म्हटलं नाही.

दुपार कलली. बाक रिकामे होत गेले. अखेर नर्सने दारातून हाक मारली, "ऋतिका. एकच जण या."

रोज गंधाली जायची. ऋतूला मांडीवर धरायचं, औषध शिरेत जाताना तिच्याशी बोलत राहायचं, बोलता बोलता पोरीची मान लटकी पडायची, आणि तो भार नर्सच्या हातात देऊन उलट्या पावली बाहेर यायचं. पहिल्या दिवशी तिला दाराबाहेर येऊन भिंत धरावी लागली होती.

"आज तू जा," ती सुयोगला म्हणाली.

"मी? मला नाही जमणार, गंधाली. प्लीज."

"ऋतूला जमतंय. रोज."

सुयोग लेकीला घेऊन आत गेला. दार लागलं. थोड्या वेळाने उघडलं तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं आणि हात मात्र अजून पोर धरल्यासारखेच वळलेले होते. तो आईच्या समोर खुर्चीत बसला.

"कशी होती रे?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मधेच बोलायची थांबली," तो म्हणाला. "हत्तीचं सांगत होती. आणि डोळे अर्धे उघडेच राहिले."

गंधालीने पाठ भिंतीला टेकवली. तिने त्याला पाणी दिलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही.

"आता आईंना सांग," ती म्हणाली. "सगळं. पहिल्यापासून. मला जे सांगितलं होतंस की सांगितलंय, ते."

सुयोगने घसा साफ केला. "आई, ऋतूच्या डोक्यात ना, एक छोटीशी गाठ..."

"कॅन्सर," गंधाली म्हणाली.

रत्नप्रभाबाईंची नजर सुनेकडे गेली, तिथून लेकाकडे आली आणि थांबली. मान त्यांनी हळूच हलवली. ठाऊक असलेली गोष्ट अखेर कुणीतरी बोलून दाखवावी, तशी.

"सांग झिला," त्या म्हणाल्या. "माका मरूचा नाय इतक्यात. सांग."

दारावरचा लाल दिवा लागला. आत किरण सुरू झाला होता. सुयोगने खुर्ची आईच्या जवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि जिथे जिथे तो शब्द गिळू लागला तिथे तिथे गंधालीने तो मोठ्याने उच्चारला.