हलका हात

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. आमच्या घरात आरशाने भागत नाही, मशीन लागतं. माझा मुलगा सोनोग्राफीचा डॉक्टर. पोटातली बाळं बघणारे पुष्कळ असतात. हा सांधे बघतो. सांध्याला आतून सूज असली की तिथे रक्त जास्त धावतं आणि पडद्यावर लाल दिसतं. ते लाल ओळखण्यात याचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून लांबलांबचे डॉक्टर त्याच्याकडे शिकायला येतात. फक्त आईचा हात बघायला त्याला वर्षभर सवड झाली नव्हती.

सकाळी माझी बोटं वळत नाहीत. बरणीचं झाकण उघडत नाही, कपड्याचं बटण लागत नाही. मनगट असं फुगतं की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना, तेव्हा घड्याळ कपाटात गेलं. सांगायला गेलं की डॉक्टरसाहेब पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "वय झालं, आई. झिजणारच." सून बरी, ती निदान मान वर करायची. "आई, तुम्ही कशात तरी मन रमवा," म्हणायची. म्हणजे दुखणं हातात नाही, डोक्यात. दुखणं मी सोसलं असतं हो, पण ढोंगी ठरणं सोसवत नाही. मला औषधसुद्धा नको होतं. एकदा त्याने बघावं आणि "तुझं खरं आहे गं" म्हणावं, एवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

त्याच्या वर्गाचा एक शिरस्ता आहे. आधी घरच्या माणसाचा निरोगी हात दाखवायचा, मग आजारी माणसांचे. दरवेळी सून जायची. या खेपेला तिला ऑफिसातून सुटी मिळेना, तेव्हा तो म्हणाला, "आई, तू चल." मी हरखून गेले. ठेवणीतले कपडे काढले. बटणं सुनेने लावून दिली.

वर्गात दिवे मंद केलेले, भिंतीवर मोठा पडदा, समोर दहाबारा डॉक्टर वह्या घेऊन बसलेले. मला मशीनशेजारी बसवलं, हाताखाली उशी दिली. मशीनच्या वायरला अंगावर टेकवायची एक मूठ असते, तिला ते प्रोब म्हणतात. मुलगा शिकवतो मात्र झकास, खोटं कशाला बोलू.

"हात हलका ठेवा," तो त्यांना सांगत होता. "प्रोब नुसता टेकवायचा. दाबलात की बारीक रक्तवाहिन्या चेपतात, लाल रंग नाहीसा होतो, आणि आजारी माणूस निरोगी ठरून घरी जातो. मशीन खोटं बोलत नाही. जड हात खोटं बोलतो."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मलासुद्धा पाठ झालं.

मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "या आमच्या मातोश्री. वर्षभर घर डोक्यावर घेतलंय हात दुखतो म्हणून." लोक हसले. मीही हसले, काय करणार. "ही वयाची झीज आहे. झीज कितीही दुखली तरी इथे लाल दिसणार नाही. झीज आणि सूज यांतला हा फरक आज डोळ्यांनी बघा."

त्याने मनगटावर थंडगार जेल घातलं आणि प्रोब टेकवला. खरंच हलका हात त्याचा. पडद्यावर करडे पट्टे आले. त्याने एक बटण दाबलं, आणि पट्ट्यांच्या मधोमध लाल पेटलं. एखादा ठिपका नव्हे, चुलीतला निखारा फुंकावा तसं पसरलं.

मला त्यातलं काय कळतंय? पण त्याचा चेहरा मला कळतो. लहानपणी काही फोडलं की तो असाच पापणी न हलवता उभा राहायचा. आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. आता "तुझं खरं आहे गं" म्हणेल, असं वाटलं.

त्याने प्रोब दाबला.

कळ थेट खांद्यापर्यंत गेली. सुजलेल्या सांध्यावर त्याने मनगटाचा सगळा जोर टाकला होता, आणि नजर पडद्यावर. लाल आक्रसत गेलं, मग नाहीसं झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी पोटच्या पोराकडून, भर वर्गात खाल्ला.

"बघा, स्वच्छ," तो म्हणाला.

पुढच्या रांगेतली एक डॉक्टरीण म्हणाली, "सर, आत्ता लाल दिसल्यासारखं वाटलं."

"पेशंटचा हात हलला की तसं दिसतं. फसू नका." मग माझ्याकडे बघून, अगदी गोड आवाजात, "आई, हललीस ना तू?"

माझा हात उशीवर दगडासारखा पडला होता. प्रोब अजून तसाच रुतलेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणाले असते तर त्याची अब्रू तिथेच गेली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"हो," मी म्हणाले. "हलले."

डॉक्टरणीने वहीत काहीतरी खोडलं.

संध्याकाळी सुनेने विचारलं, "काय निघालं आईंच्या हातात?" तो बूट काढत म्हणाला, "काही नाही. सांगत होतो ना, वय." सून माझ्याकडे बघून समजुतीने हसली. त्या हसण्याने माझं अंग जळलं.

जेवणं झाल्यावर तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं, गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "ही रोज एक, खाऊन झाल्यावर. उद्या रक्त घ्यायला माणूस येईल."

"कसल्या गोळ्या?"

"वयाच्या."

"मी हलले होते का रे?"

त्याने पाकीट आणखी पुढे सरकवलं. "घे ना आता. हिला काही बोलू नकोस, उगाच चार ठिकाणी बोललं जाईल."

मी पाकीट घेतलं. गोळी बाहेर काढायला मागून अंगठ्याने रेटावं लागतं. मी रेटलं. अंगठा वाकेना. दुसऱ्या हाताने बघितलं, तोही तसाच. तो उभा राहून बघत होता.

"जोरात दाब की," तो म्हणाला.

"तूच दाब. तुला जमतं."

त्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं. गोळी काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, मी गिळेपर्यंत थांबला. "तीन महिन्यांत हात मोकळा होईल," जाताना म्हणाला. "पुढच्या वर्गाला तुलाच नेतो."

होईलही मोकळा. त्याचं निदान कधी चुकत नाही. त्या दिवशीही चुकलं नव्हतं.