नर फुलांची पिशवी

शकूकाकीला आईनं मांडवाखालून हाताला धरून बाहेर ओढलं, तेव्हा मी ओट्यावर बसून विज्ञानाच्या वहीत भोपळ्याचं फूल रंगवत होते. दहावीला होते मी. चित्र झकास जमलं होतं, हे सांगायचीही आता लाज वाटते.

आमचं घर जूचंद्र गावातलं. शेतात भात, परसात लाल भोपळ्याचा मांडव. पावसात मधमाशी फिरत नाही, म्हणून फुलाला फूल हातानं लावावं लागे. ते काम शकूकाकीचं, माझ्या धाकट्या काकाच्या बायकोचं. सकाळी फुलं उमलली की नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात अलगद टेकवायचा.

"हंसा, फुलाच्या बुडाशी बारका भोपला दिसतो ना, ती मादी," काकीनंच मला शिकवलं होतं. "नर नुसता लांब देठावर मिरवतो. पन त्याच्याबिगर हिचा काय पन होत नाय."

"मानसांचा पन असाच?" मी विचारलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि पदरात तोंड लपवून हसली. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तरी हसली बिचारी.

त्याच महिन्यात शाळेत रामनाथ सरांनी पुनरुत्पादनाचा धडा काढला. बाकीचे मास्तर माणसांचं पान आलं की 'घरी वाचा' म्हणून मोकळे व्हायचे. सर म्हणाले, "मी शिकवणार. पण आधी फुलं कापून बघू. भोपळ्याची फुलं कोण आणेल?"

माझा हात सगळ्यांच्या आधी वर. मादी फूल तोडलं तर आईनं तंगडंच मोडलं असतं, म्हणून मी नर फुलं तोडली. नराला कुठं फळ लागतं? आम्ही तर त्यांची भजी करायचो. दोन तुकड्यांना पुरतील एवढी, काकी परसात यायच्या आत, आठ दिवस पिशवी भरून नेली. सर शाब्बास म्हणायचे आणि मी फुगायची. इकडे काकी पानं उलटीपालटी करत म्हणायची, "यंदा नर कुठं गेलं गो सगलं?" मी दात घासत गप्प.

आठव्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं की पराग पोचले नाहीत तर मादी फूल गळून पडतं. मी बाकाखालची रिकामी पिशवी पायानं मागं सरकवली. मग त्यांनी माणसांचं पान उघडलं. "मूल झालं नाही की सगळे बाईला बोल लावतात. कमी पुरुषातही असू शकते. तपासायचं दोघांना." पोरींनी माना खाली घातल्या. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

घरी आले तर मांडवाखाली पिवळ्या पडलेल्या बारक्या भोपळ्यांचा सडा, आणि काकी तो वेचत होती. थोड्या वेळानं आई शेतातून आली आणि ते बघून तिचं तोंड सुटलं.

"तुझ्या पोटाला काय नाय, मंग तुझ्या हातान येलाला काय लागल? पुन्हा मांडवाखाली पाय टाकू नको!"

काकीचा नवरा, हरेश्वरकाका, दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि बांधाकडं बघत राहिला.

काकी माझ्याकडं वळली. "हंसा, नर फुला नव्हतीच ना गो मांडवावर? तू बगितलंस ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वही मांडीवर उघडी होती.

"मना नाय म्हायती," मी म्हणाले.

त्यानंतर काकी मांडवाखाली गेली नाही. बारशाला, ओटीभरणाला तिला कुणी पुढं बोलावलं नाही. काकाला कधी कुणी डॉक्टरकडं नेलं नाही आणि आता तर तोही नाही.

मी आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. परवा काकी डोळे दाखवायला म्हणून आली होती. गॅलरीतल्या टबात मी भोपळा लावलाय. सकाळी पहिलं मादी फूल उमललं, तसं मी हौसेनं म्हटलं, "काकी, चौथ्या मजल्यावर मधमाशी कुठली? तूच लाव ना फूल."

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "माझ्या हातान नको गो. तुझा येल जाल."

 मग मी सगळं सांगितलं, पिशवी, आठ दिवस, सगळं. ती खाली टेकली. बराच वेळ आपले तळवे बघत होती.

"आन पोर व्हत नाय, त्याचा?" तिनं विचारलं. "त्या पन व्हता तुमच्या पुस्तकात? का दोस नुसता बाईचाच नसतं म्हनून?"

"होतं."

"कवा शिकवला?"

"त्याच दिवशी, काकी. सकाळी."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही. ती भिंतीला धरून उठली, नर फूल तोडलं, पाकळ्या मागं सारल्या आणि माझ्यापुढं धरलं.

"घे. तू लाव," ती म्हणाली. "मी बगतंय."