पडदा फाटलाच नव्हता

भागवतचा मला अजून राग आहे. तो विझू नये म्हणून मी रोज त्याच्याच दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसतो. राग लांबून सांभाळता येत नाही. जवळ बसून फुंकर घालावी लागते.

दुकान वारंगा फाट्यावर आहे. भागवत डीजेचे बॉक्स दुरुस्त करतो, लग्नात भाड्यानंही देतो. दुरुस्त झालेला बॉक्स तपासायला तो जे लावतो त्याला हेवी मेटल म्हणतात. म्हणजे गिटारीतून करवतीचा आवाज काढायचा, ढोल दोन्ही पायांनी तुडवायचा, आणि गाणाऱ्यानं गळ्यातून न गाता पोटातून डरकायचं. त्या डरकाळीला ही पोरं ग्राउल म्हणतात. पहिल्यांदा मोठ्या बॉक्सावर हे लागलं तेव्हा समोरच्या हॉटेलातली भजी कढईत आपली आपण उलटली. आचाऱ्यानं त्या दिवशी झाऱ्याला हात लावला नाही. खोटं वाटत असेल तर आचाऱ्याला विचारा. तो आता तिथे नाही, पण विचारा.

ऐकून ऐकून मलाही कान आला. भागवतला ही गाणी ऐकायला दुसऱ्याचे कान लागतात, आणि फाट्यावर रिकामे कान माझ्याइतके कोणाचे नाहीत. दुसरा ऐकणारा प्रेमसिंग. तो शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, टेम्पो चालवतो, कोणाच्याही बाजूनं कधी बोलत नाही. आणि तिसरी निलम, त्याची चुलतबहीण, त्याचा काका प्रेमदास याची धाकटी मुलगी. हिंगोलीला कॉलेजात जाते. फाट्यावर उतरली की घरी जायच्या आधी ती दुकानात डोकावणार, उभ्या उभ्या भागवतशी एक भांडण करणार, मग तांड्याची वाट धरणार.

भांडणं काय विषयावर, विचाराल? रस्ट काउन्सिल नावाच्या बँडचा पहिला अल्बम खरा की तिसरा. ढोलवाला बदलल्यावर बँडचं नाव बदलायला पाहिजे होतं की नाही. भावकीच्या बांधावर जेवढ्या शिव्या ऐकल्या नाहीत तेवढ्या मी त्या ढोलवाल्यासाठी ऐकल्या. आणि त्याला बिचाऱ्याला वारंगा फाटा नकाशावरही ठाऊक नसेल.

तर एकदा निलम आली ती फोन हातात धरूनच. हिंगोलीच्या स्टँडावर बस लांबली म्हणून ती शोधत बसली होती, आणि तिला एक बँड सापडला होता. मोर्कव्हिल. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. ऐकणारे दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील इतकेच. चौघंजण, चौघांच्या डोक्यावर आपल्याकडे युरियाची असते तसली गोणी, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली.

"भागवतदादा, वायर द्या. फोनवर न्हाई ऐकायचं हे."

भागवतनं तोंड वाकडं करत वायर दिली. गाणं लागलं. काय सांगू? मी आयुष्यात वाघ तीनदा पाहिला, एकदा तर त्यानं मला वाट विचारली. पण तेव्हाही माझ्या पाठीवर असा काटा आला नव्हता. भागवतच्या हातातली सोल्डरिंगची गन तशीच राहिली, टेबलाच्या लाकडातून धूर निघाला.

गाणं संपलं. भागवत म्हणाला, "परत लाव."

"गानारी बाई हाय," निलम म्हणाली.

"कोन?"

"गोणीखालची."

भागवत हसला. "अगं, गोणी काढली की हातभर दाढी निघंल. बाईच्या गळ्यातून असा आवाज निघतच न्हाई. निघाला तर मशीन लावलेलं असतं."

"काहून न्हाई निघत?"

"अगं, बाईच्या गळ्यातला पडदा लहान असतो. स्पीकरच्या लहान पडद्यातून बेस निघतो का? काढाया गेलं की फाटून खरखरतो. मी रोज हेच काम करून राहिलो."

"मी बॉक्स न्हाई, दादा."

"प्रेमसिंग, तू सांग," भागवत म्हणाला.

"मला तर रेडा वाटतो," प्रेमसिंग म्हणाला.

हे इथवर नेहमीसारखंच होतं. दुसऱ्या दिवशी जे झालं त्याचा मला राग आहे.

या पोरांचा फोनवर एक ग्रुप आहे, मराठवाडा मेटल. लातूर, परभणी, नांदेड इथली पोरं. जन्मात एकमेकांना पाहिलेलं नाही, पण रोज एकमेकांच्या बापापर्यंत जातात. त्या ग्रुपात मान कोणाला, तर जो नवा बँड आधी शोधून आणतो त्याला. पैसा नाही, शेती नाही, 'हा मी आधी ऐकला' एवढंच तिथलं सोनं. आणि भागवतनं तिथे टाकलं, 'मोर्कव्हिल. माझा नवा शोध. ऐका आणि गप बसा.'

लातूरवाला म्हणाला, गुरू मानलं. परभणीवाल्यानं हात जोडले. निलमनं खाली लिहिलं, 'हा बँड मी दुकानात आणून ऐकवला. आणि गाणारी बाई आहे.' भागवतनं उत्तर दिलं, 'पोरींच्या गळ्यातून हा आवाज निघत नाही, हे ज्याला कळत नाही तो काय बँड शोधणार!' पोरं तिच्यावर हसली, आणि यानं तिला ग्रुपातून काढून टाकलं. ग्रुपाच्या चाव्या त्याच्याकडे होत्या.

त्या संध्याकाळी ती दुकानासमोर उभी राहिली. आत आली नाही.

"मला काहून काढलं?"

"पोरांचा ग्रुप हाय. भाषा वंगाळ असते तिथली."

"तुमच्या ढोलवाल्याला सगळ्यात वंगाळ शिवी मी दिली होती. तवा हसले होते तुमी."

"हे बघ निलम, गिऱ्हाइकं येतात. पोरगी दुकानात उभी राहिली की लोकं बोलतात."

"लोकं काल न्हाई बोलले?"

भागवतनं उत्तर म्हणून बॉक्स सुरू केला. गाणं मोर्कव्हिलचंच होतं. तिनंच शोधलेल्या गाण्यानं तिला हाकललं, अन् मी बाकावर बसून पाहत राहिलो. ती गेली तेव्हा रस्त्यावरचे ट्रक हॉर्न न वाजवता बाजूला झाले.

पंधरवड्यात निलमच्या थोरल्या बहिणीचं, निताचं लग्न होतं. बॉक्स भागवतचेच यायचे होते. प्रेमसिंगनं आधीच सांगून ठेवलं होतं आणि प्रेमदास शब्द फिरवणारा माणूस नाही.

"त्याच्या बॉक्सावर माझ्या बहिणीचं लग्न वाजणार?" निलम बापावर उखडली.

"लग्न होऊ दे. मग त्याचं डोकं फोड," प्रेमदास म्हणाला. "मी दगड आणून देतो."

"मी त्याच्यासमोर रडणार न्हाई. सांगून ठेवते."

ही धमकी साधी नव्हती. तांड्यावर नवरी निघताना ढावलो असतो. नवरी एकेकीच्या गळ्यात पडते, आणि दोघी मिळून सुरात रडतात. आईच्या गळ्यातलं रडणं वेगळं, काकीच्या गळ्यातलं वेगळं. शब्द असतात, चाल असते, म्हाताऱ्या बायका ते पोरींना शिकवतात. गळ्यात पडली आणि समोरची रडली नाही, तर नवरीला मोकळं होता येत नाही. जनकाबाई म्हणजे तांड्यावरची या कामातली सगळ्यात जुनी बाई. ती निलमला म्हणाली, "बहिणीच्या गळ्यात गप उभी राहिलीस ना, तर निता दात पडेस्तोवर बोलून दाखवील."

"राग आलाय मला, जनकाबाई. रडू येतच न्हाई."

"मग राग रड. ढावलोत काय नुसतं दुःखच असतं व्हय? माझ्या लग्नात मी बापाला काय काय सुनावलं होतं, तुला काय ठावं!"

लग्न लागलं, जेवणं झाली. भागवतनं यंदा नवे मोठे बॉक्स आणले होते, कपाटाएवढे. त्यांना कोणी लेकरानं हात लावला तरी तो ओरडत होता. ढावलो लांबवर ऐकू जावा म्हणून त्यानं बायकांच्या घोळक्यापाशी माइक उभा केला होता. तो माइक कोणीतरी आणखी दोन वीत पुढे सरकवला. कोणी, ते विचारू नका. माझी काठी फार चाळे करते.

निता आधी आईच्या, शकुंतलाबाईच्या गळ्यात पडली. मग काकीच्या. जुने जाणते पुरुष माना खाली घालून उभे होते. मग ती निलमच्या गळ्यात पडली.

निलम उभीच. दात आवळलेले. निता एकटीच रडत होती, सूर अर्धाच राहत होता. भागवत आवाजाच्या मिक्सरमागे खुर्ची टाकून बसला होता. त्यानं प्रेमसिंगकडे पाहून भुवई उडवली, म्हणजे, बघ, साधं रडायचंही जमेना. ती भुवई निलमला दिसली.

मग ते निघालं.

आधी मला वाटलं जमिनीतून येतंय. चाल ढावलोचीच होती, शब्दही तेच, जनकाबाईनं शिकवलेले. पण आवाज पोटातून, जाड, खरखरीत, आणि थांबता थांबेना. निताला पाठवायला उभा केलेला बैल, ज्याच्या पाठीवर उभं राहून नवरी माहेरचा निरोप घेते, त्यानं खुंटा उपटला आणि तो थेट वारंगा फाट्यापर्यंत गेला. हॉटेलसमोर थांबला आणि म्हणे त्याला पाणी नको होतं, चहाच पाहिजे होता.

भागवत खुर्चीवरून उडाला. "पडदा फाटला! माझा नवा पडदा फाटला!" धावत जाऊन त्यानं जनरेटरच बंद केला. दिवे गेले, मिक्सर गेला, पंखे थांबले. मग तो बॉक्सापाशी बसला आणि फाटल्याची जागा शोधायला त्यानं स्पीकरवर तळवा ठेवला.

पडदा गार होता. हलतही नव्हता.

आणि आवाज चालूच होता.

त्यानं दुसऱ्या बॉक्सावर हात ठेवला. तोही मेलेला. तसाच, बॉक्साला हात लावून, त्यानं मान वळवली. निलम बहिणीला घट्ट धरून त्याच्याकडेच पाहत होती आणि थांबत नव्हती. निताही आता तिच्या आवाजात आवाज मिसळून मोकळी रडत होती. तिचा सूर बारीक, हिचा डरकाळीसारखा. दोन्ही मिळून एकच चाल.

संपल्यावर जनकाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि भागवतवर धावली. "मेल्या, ढावलोत मशीन बंद करतोस? कोनी शिकवलं तुला?"

"मला वाटलं पडदा..." एवढंच तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, चला, माणूस वठणीवर आला. मीही तसंच समजलो होतो. पण तिसऱ्या दिवशी प्रेमसिंग बाकावर येऊन बसला आणि त्यानं मला फोन दाखवला. भागवतनं ग्रुपात टाकलं होतं, 'मराठवाड्याला पहिला खरा ग्राउल मिळाला. तांड्यावरची पोरगी. माझा शोध. लवकरच रेकॉर्ड करतो.' लातूरवाला म्हणाला होता, गुरू, पुन्हा गुरू.

मी काठी आपटली ती बाकाची फळी चिरली. अजून चिरलेली आहे, या तुम्ही पाहायला.

"हे निलमला दाखवलंस?"

"मी कोनाच्या मधी पडत न्हाई, आबा," प्रेमसिंग म्हणाला. मग खाली पाहून म्हणाला, "दाखवलं."

तेवढ्यात ती आली. तांड्यावरून तडक पायी आली असावी. चपला धुळीनं भरल्या होत्या. ती सरळ आत गेली.

"ये, ये," भागवतनं स्टूल पुसलं. "तुझीच वाट बघून राहिलो. दोन माइक आणलेत..."

"तू मला शोधलंस?"

आज दादा नाही, थेट 'तू' म्हणाली. भागवतच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"अगं, चांगल्यासाठीच..."

"मी हरवले होते का? फाट्यावर हुभी होते मी, तुझ्या दुकानासमोर. तू हाकललंस. बँड मी आणला, तो तुझा. आवाज माझ्या पोटातला, तो बी तुझा. उद्या म्हणशील तांडा बी मीच वसवला!"

"बरं, चुकलं. तुला घेतो ना परत ग्रुपात."

"घेऊ नको. आधी लिही."

"काय लिहू?"

"जे ऐकलंस ते."

भागवतनं फोन उचलला, ठेवला. आरशासारखे चकचकीत स्पीकर, भिंतीला लटकलेल्या वायरी, सगळीकडे पाहून झालं. "पोरं हसतील, निलम. गुरू म्हणतात मला."

"मग हसू दे. माझ्यावर हसले तवा तुला बरं वाटलं."

"आन ती गोणीवाली बाईच हाय, हे बी लिहू?"

निलम जरा थांबली. रागात असतानाही तिनं खोटं सांगितलं नाही, म्हणून मी या पोरीला मानतो; मला ते कधी जमलं नसतं. "ते मला ठावं न्हाई. गोणीखाली मी बी पाहिलं न्हाई. पन पोरीच्या गळ्यातून निघतच न्हाई म्हणलास, ते खोटं. तेवढं लिही."

भागवतनं लिहिलं. एक एक अक्षर, दाढ उपटावी तसं. मग फोन तिच्यापुढे धरला. तिनं मोठ्यानं वाचलं, मला ऐकू यावं म्हणून.

'मोर्कव्हिल निलमनं शोधला. दुकानात आणून तिनं ऐकवला, मी माझं नाव लावलं. पोरीच्या गळ्यातून असा आवाज निघतो. मी बॉक्स बंद करून, पडद्याला हात लावून ऐकला. तिला मी शोधलेलं नाही.'

"टाक," ती म्हणाली.

त्यानं टाकलं. फोन लगेच वाजायला लागला. परभणीवाला हसला असणार, लातूरवाल्यानं गुरुपद काढून घेतलं असणार. भागवतचे कान लाल झाले. तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, "झालं समाधान? तरी बी सांगतो, मोर्कव्हिलचा दुसरा अल्बम भंगार हाय."

प्रेमसिंग हळूच उठून टेम्पोकडे निघाला.

निलमनं पुसलेलं स्टूल पायानं ओढलं आणि पहिल्यांदाच त्या दुकानात बसली.

"काहून भंगार?" ती म्हणाली. "वायर दे आधी. मग सांग, काहून भंगार."