मांडव काढण्याचं खातं

काशीरामकाकांनी घरामागची वाडी सिनेमावाल्यांना दिली, तेव्हा त्यांचा व्यवस्थापक सत्यजीत म्हणाला, "काका, अजिबात काळजी नको. आमच्याकडे प्रत्येक कामाला स्वतंत्र खातं आहे." होतं खरं. खुर्च्या आणणारे वेगळे, मांडणारे वेगळे, आणि त्यांवर बसून मोबाइल बघणारे सगळ्यांत जास्त.

वाडीत त्यांनी लग्नाच्या प्रसंगासाठी झगमगीत मांडव घातला. योग असा की शूटिंग संपायच्या दिवशीच काकांच्या लेकीची, हेतलची हळद. तिचा मांडव पुढच्या अंगणात, आणि त्याला चिरनेरच्या मामाने वाजतगाजत आणलेली उंबराची फांदी.

दुपारी आम्ही सगळे आत जेवायला बसलो. बाहेर येऊन पाहतो तर अंगण मोकळं! बांबू ट्रकमध्ये, फांदी कचऱ्याच्या गोणीत. मागे सिनेमाचा मांडव जसाच्या तसा उभा. हेतल ओट्यावर बसून रडायला लागली आणि माझं डोकंच फिरलं.

"आमचं खातं फक्त काढायचं," काढणारे म्हणाले. "कुठला काढायचा ते कलावाले सांगतात."

कलावाले म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं. दाखवणं आमच्याकडे नाही."

सत्यजीतने तातडीची बैठक घेतली. बैठकीत एवढंच ठरलं की ही चूक कुठल्याच खात्यात बसत नाही.

तेवढ्यात काकांनी शांतपणे फाटकाला कुलूप घातलं. ट्रक आत, हिरोची गाडी आत, आणि हिरोचं विमान रात्रीचं.

"काका, गेट उघडा ना," सत्यजीत म्हणाला.

"त्ये माजं खातं नाय. माजं फक्त लावाचं. उघडाचं खातं हेतलचं हाय, नि ती मांडवान हलदीला बसल्याबिगर कोनाशी बोलाची नाय."

मग काय विचारता! सगळी खाती एक झाली. मेकअपवाले दोऱ्या ओढतायत, सत्यजीत शिडीवर, खुद्द हिरो बांबू धरून घामाघूम. मामाने गोणीतली फांदी धुऊन पुन्हा बांधली. दिवेलागणीला मांडव उभा राहिला, तोही आधीपेक्षा देखणा. हे कबूल करायला मला जड जातंय.

हळद लागली. सत्यजीत धावत हेतलपुढे आला. "ताई, आता किल्ली द्या."

हेतलने पिवळेधम्मक हात वर केले. दुपारपासून पहिल्यांदाच ती हसली.

"हलद लागलेली नवरी कामाला हात लावत नाय, दादा. उद्या वरात निघंल तवा उघडू. आता जेवून घ्या."

हिरोचं विमान गेलं. पंगतीत वाढपी कमी पडत होते, म्हणून मी भाताचं पातेलं सत्यजीतच्या हातात दिलं. ते कुठल्या खात्यात येतं, हे त्याने विचारलं नाही.