धनश्री मॅडमची पूर्णवेळ नोकरी

धनश्री तीन शाळांत कराटे शिकवायची. दोन दिवस तेलगावला, दोन दिवस वडवणीजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत, उरलेले दोन धारूरच्या बाजूला. तिन्हीकडं ती अर्धवेळच. निम्मा दिवस एसटीत जायचा. स्टाफरूममध्ये तिच्यासाठी कपाट नव्हतं आणि गॅदरिंगच्या पत्रिकेत तिचं नाव छापायचं हटकून राहून जायचं.

जीव मात्र निवासी शाळेत. तिथल्या बहुतेक पोरींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्यापर्यंत परतायचे नाहीत. धनश्रीचं लहानपणही उसाच्या फडातच गेलेलं, त्यामुळं पोरी काय बोलतात आणि काय झाकतात हे तिला बरोबर कळायचं. सातवीतली राजनंदिनी पहिल्यांदा आली तेव्हा कुणी हात उचलला की डोळे गच्च मिटून घ्यायची. हळूहळू ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून उभी राहायला लागली. धनश्रीला त्या गोष्टीचा स्वतःच्या ब्लॅक बेल्टपेक्षा जास्त अभिमान होता.

जूनमध्ये संस्थेची बैठक झाली. मुलींसाठी एक पूर्णवेळ प्रशिक्षक नेमायचा की दोन अर्धवेळ आणायचे, हा विषय होता. काही संचालकांचं म्हणणं, आष्टीच्या सुग्रीवकडं राज्य पातळीची पदकं आहेत, तो शनिवारी येऊन शिकवील, तेवढं पुरे. मुख्याध्यापिका वत्सलाबाई अडून बसल्या. पोरी इथं रात्रंदिवस राहतात, पाचला एसटी पकडणारं माणूस काय कामाचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी अध्यक्ष त्रिंबकरावांनी धनश्रीला बोलावून विचारलं, पूर्णवेळ केलं तर बाकीच्या शाळा सोडशील का?

तिनं विचाराला दोन दिवस मागितले. तेलगावची पोरं डोळ्यांसमोर येत होती. पण एका जागी राहून, रोज पहाटे उठवून घडवलेली पोर कुठं जाऊ शकते, हेही तिला दिसत होतं. तिनं होकार दिला. दोन्ही शाळांचे तास सुग्रीवला द्यावेत म्हणून तिथल्या मुख्याध्यापकांना तिनंच सांगितलं.

पहिले चार महिने फार चांगले गेले. ती वसतिगृहातच राहायला आली. दिवाळीनंतर राजनंदिनीची आई दगडाबाई मुकादमाच्या गाडीत बसण्याआधी मुद्दाम भेटायला आली. दरवर्षी ती पोरीला फडावर नेण्यासाठी निम्म्यातच शाळेतून काढायची. "औंदा तुमी हितंच ऱ्हाताव म्हणून ठिवून चालले," ती म्हणाली.

पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि त्रिंबकरावांच्या सुनेला, आरोहीताईंना, तिकीट मिळालं. बायांच्या गर्दीत आरोहीताईंजवळ पुरुष गडी उभा करता येत नाही, चार दिवस तू त्यांच्यासोबत फिर, असं त्रिंबकरावांनी धनश्रीला सांगितलं. चाराचे आठ झाले, आठाचे वीस. सकाळी पांढरी गाडी वसतिगृहाच्या फाटकात येऊन उभी राहायची. पोरी व्हरांड्यातून बघायच्या. ती परतायची तोवर त्या जेवून झोपलेल्या असायच्या.

वत्सलाबाईंनी संस्थेला पत्र लिहिलं. त्यावर त्रिंबकरावांनी दोघींना समोर बसवलं. ते चिडले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "पूर्णवेळ म्हंजे संस्थेचा पूर्णवेळ, बाई. संस्था कुणाची हाय?"

वत्सलाबाई खाली मान घालून चहा प्याल्या. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेदिवशीच आरोहीताईंची मोठी सभा होती. धनश्रीनं एका दिवसाची सुटी मागितली, ती मिळाली नाही. पोरींबरोबर शाळेचा क्लार्क गेला. वजनाच्या वेळी राजनंदिनीचं नाव वरच्या गटात लिहिलं गेलं. तिथं लगेच हरकत घ्यायची असते, हे क्लार्कला माहीत नव्हतं. दुसऱ्याच लढतीत दांडग्या पोरीखाली तिचा कोपर मोडला. धनश्रीला क्लार्कनं फोनवर ते सांगितलं तेव्हा ती स्टेजवर आरोहीताईंच्या मागं उभी होती. तिनं फोन बंद करून खिशात ठेवला आणि सभा संपेपर्यंत तशीच उभी राहिली. तेव्हाच का उतरले नाही, हे तिला पुढं कधी स्वतःलाही सांगता आलं नाही.

मतदानाला तोडकऱ्यांना जीपा करून आणलं. दगडाबाई तशीच आली. पोरीचा हात प्लॅस्टरमध्ये आणि बोटं वळत नव्हती. बीडच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. आरोहीताई वस्तीवर आल्या तशी ती गर्दीतून पुढं घुसली आणि तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पोरीकडं बघा, एवढंच ती म्हणत होती. मागून रेटा आला. आरोहीताई घाबरून ओरडल्या.

धनश्रीनं बघितलं फक्त मनगट. ते कसं सोडवायचं हे ती पोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. दगडाबाईचा अंगठा तिनं उलटा वळवला, पकड सुटली, आणि दुसऱ्या हातानं तिनं तिला मागं लोटलं. दगडाबाई धुळीत बसली. मग तिनं वर बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी हाव व्हय."

दुसऱ्या दिवशी मत देऊन जीपा परत निघाल्या, त्यात राजनंदिनीही होती. ऊस तोडता येणार नव्हता, पण फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला एक हात पुरतो. धनश्री स्टँडवर गेली. पोरगी आईच्या पलीकडं बसलेली. धनश्री पुढं वाकून काही बोलणार, तेवढ्यात तिनं डोळे गच्च मिटून घेतले. दगडाबाईनं आडपडद्यासारखा पदर धरला. जीप हलली.

निकाल लागला, आरोहीताई निवडून आल्या. गुलाल खाली बसल्यावर धनश्री त्रिंबकरावांकडं गेली.

"आण्णा, मला परत अर्धवेळ करा. पण शाळेत ठेवा."

ते सत्काराचे हार बाजूला सारत होते. शनिवारसाठी सुग्रीवशी बोलणं झालंय, त्यांनी सांगितलं. पूर्णवेळाची जागा आहे, पण ती आरोहीताईंकडंच.

"आता तर ती मेंबर झाली. आता तुझी खरी गरज हाय," ते म्हणाले.

धनश्री वसतिगृहात आली आणि सामान बांधायला बसली. पोरींपैकी कुणी दारात आलं नाही. बॅग घेऊन ती फाट्यावर आली, तेलगावची एसटी आली, तिनं हात केला नाही. तिथं आता तिचा कुठलाच वार उरला नव्हता.